युसूफभाईंनी न भरलेलं काडतूस

सोहोनी सर गेल्याचं मला शारजात कळलं. गाडी धुवायला दिली होती आणि मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. फोनवर त्यांचा मुलगा निखिल होता. "काका, बाबा गेले. आज सकाळी, पुण्यात." मी "अरेरे" म्हणालो, कधी, कसं, काय झालं, जे विचारायचं असतं ते सगळं विचारलं. फोन ठेवला, आणि गाडी धुणाऱ्याला म्हणालो, मागचं चाक राहिलंय. मला वाईट वाटलं नव्हतं. हे एवढं साधं वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले.

चार दिवसांनी निखिलचा पुन्हा फोन आला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी कुणीतरी जवळच्यानं दोन पानं लिहावीत अशी घरच्यांची इच्छा होती. "तुम्ही सगळ्यात जास्त वर्षं त्यांच्याबरोबर काढलीत. बाबा तुमच्याबद्दल फार चांगलं बोलायचे." हे ऐकून मला जे झालं ते दुःख नव्हतं, तो संताप होता. चांगलं बोलायचे! बोलणारच. मी एक लेख लिहिलाही. त्यात काटेकोर, शिस्तप्रिय, हाडाचे तंत्रज्ञ असे शब्द होते. सगळे खरे होते, म्हणूनच तो लेख खोटा होता. फाडून टाकला. हा दुसरा आहे.

मी मूळचा पुण्याचा, मेकॅनिकल डिप्लोमावाला. दुबईला आलो तेव्हा देरा भागातल्या एका शिकार-साहित्याच्या दुकानाला बारीक काम करणारा माणूस हवा होता. तंबू, बूट, दुर्बिणी, ससाण्याच्या टोप्या असं सगळं तिथं मिळे, आणि मागच्या खोलीत, परवाना असलेल्या स्थानिक गिऱ्हाइकांसाठी, रायफली. तिथं शिकारीला बंदी आहे. आमची गिऱ्हाइकं शिकारीला बाहेर जात, मध्य आशियातल्या डोंगरांत नाहीतर आफ्रिकेत, पण रायफल घेत आमच्याकडून. बोल्टवाली रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हातानं खटका मागे ओढून पुन्हा पुढे ढकलायचा. या मागच्या खोलीचे राजे अरविंद सोहोनी. सरकारी कारखान्यात अठरा वर्षं दुर्बिणी जुळवून ते इकडे आलेले. उंच, वाळके, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. आयुष्यात त्यांनी चिमणीसुद्धा मारली नव्हती आणि अंडंही खात नव्हते.

पहिल्या आठवड्यात मी एका रायफलीवर दुर्बीण बसवली. त्यांनी ती हातात घेतली, अंगठ्यानं एकदा दाबली आणि काही न बोलता सगळे स्क्रू काढून टेबलावर माझ्यासमोर ओतले. "हे काय लग्नाचा मांडव घातलायस? उद्या सोडायचाय?" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एक केरळी सेल्समन होता. मराठी कुणालाच कळत नव्हतं, पण अपमान कळायला भाषा लागत नाही. मी पुन्हा बसवली, त्यांनी पुन्हा काढली. दिवसभरात पाच वेळा. सहाव्या वेळी ते म्हणाले, "ठीक." त्यानंतर रेंजवर नेऊन त्यांनी मला ती दुर्बीण खरी की खोटी ते दाखवलं. एक गोळी मारायची, मग दुर्बिणीची चकती वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवायची आणि प्रत्येक वेळी एक गोळी. शेवटची गोळी पहिल्या भोकातच पडली पाहिजे. त्या दिवशी पडली नाही, बोटभर बाजूला गेली. दुर्बीण होती चार हजार दिरहॅमची, म्हणजे तेव्हाचे पंचेचाळीस हजार रुपये, आणि गिऱ्हाइकाला ती फार आवडलेली. सरांनी ती डब्यात घालून कंपनीला परत पाठवली. म्हणाले, "काच सुंदर आहे. पण खोटं बोलते."

माणूस कसा होता ते सांगायचं तर गिऱ्हाइकाला रायफल निवडून देताना बघायला हवं होतं. एकदा एक तरुण शेख मित्रांना घेऊन आला. त्याला दुकानातलं सगळ्यात दणकट मॅग्नम हवं होतं, हत्ती पाडणारं, आणि जायचं होतं हरणाच्या शिकारीला. सर म्हणाले, आधी रेंजवर चला. अरबाबचं, म्हणजे आमच्या मालकाचं, धैदच्या रस्त्यावर खजुराचं शेत होतं आणि तिथं पोलिसांच्या परवानगीची रेंज. तिथं त्यांनी खऱ्या काडतुसांमध्ये गुपचूप एक पोकळ काडतूस भरलं. शेखनं चाप ओढला. आवाज झालाच नाही, पण नळी वीतभर खाली गेली, डोळे घट्ट मिटले. धक्का बसायच्या आधीच तो घाबरला होता. मित्र हसायला लागले. सर शांतपणे हिंदीत म्हणाले, "शेख, बंदूक ने कुछ नहीं किया. आप हिले." मग त्याला दोन पायऱ्या खालची, हलक्या धक्क्याची रायफल दिली. अरबाबनं दुसऱ्या दिवशी त्यांना झापलं, महागडं गिऱ्हाईक दुखावलं म्हणून. मला मात्र सर गाडीत म्हणाले होते, "जनावर गोळीच्या जाडीनं मरत नाही रे, गोळी कुठं लागते त्यानं मरतं. हा डोळे मिटून मारणार, ते पोट फाटून तीन दिवस डोंगरात फिरणार. ते पाप त्याच्या नव्हे, माझ्या नावावर." मला ते वाक्य तेव्हा फार मोठं वाटलं होतं. पाप कुणाच्या नावावर लिहायचं हे या माणसाला चांगलं कळतं, असं वाटलं होतं...

एकदा आमच्या अल मनखूलच्या घरी जेवायला आले. माझी मुलगी सई तेव्हा सात वर्षांची. तिनं सरळ विचारलं, "अंकल, डू यू किल ॲनिमल्स?" ते म्हणाले, "नो. आय हेल्प अदर्स डू इट प्रॉपर्ली." आणि लगेच माझ्या बायकोकडे वळून, "मेधाताई, वरण अजून एक शिट्टी मागत होतं." मेधानं त्यांना पुन्हा कधी बोलवू दिलं नाही. तिला माणसं माझ्याआधी कळतात.

आता युसूफभाई. मुरूडचे, माझ्याहून वयानं बारा वर्षांनी मोठे. बावीस वर्षं दुबईत. राहायला कंपनीच्या खोलीत मुहैस्नाहला, ज्याला सगळे सोनापूर म्हणतात. नावाला स्टोअरकीपर. हमरिया फ्री झोनमध्ये कंपनीचं गोदाम होतं, तिथला माल आणायचा-न्यायचा, पण त्यांचा खरा जीव शेतावरच्या काडतुसांच्या खोलीत. कारखान्यातली तयार काडतुसं मिळत, पण प्रत्येक रायफलीची नळी आपापल्या लहरीची असते. तिला कुठलं वजन, कुठली गोळी मानवते ते शोधून तिच्यासाठी हातानं काडतुसं भरली की नेम सुधारतो. अरबाबनं त्याची खास परवानगी काढली होती. उडवलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, युसूफभाई धूत, घासत, सारख्या लांबीची करत, तोंडावरून अंगठा फिरवून बारीक चीर ओळखत. भिंगाखाली मला दिसायची नाही ती चीर त्यांना अंगठ्याला कळे. मग सर केसमध्ये दारू तोलून घालत, वर गोळी दाबून बसवत, आणि युसूफभाई पन्नास-पन्नासच्या डब्यांत ती मांडत. दारूच्या डब्यांवर सगळं इंग्रजीत. युसूफभाईंना इंग्रजी वाचता येत नसे. म्हणून नियम असा, की दारूच्या कपाटाची किल्ली फक्त सरांच्या खिशात. डबा तेच काढणार, तेच ठेवणार, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा. या नियमासाठी मी त्यांची बोलणी किती वेळा खाल्ली आहेत त्याला गणती नाही.

दोन हजार आठ संपता संपता सगळं थांबलं. आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या क्रेन एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. सई शाळेतून येऊन सांगायची, "आई, टुडे थ्री मोअर किड्स लेफ्ट. माय बेंच पार्टनर ऑल्सो." अरबाबचे पैसे इमारतींत अडकले होते. दुकानात माणसं येत, रायफल हातात घेत, बोल्ट मागे-पुढे करत आणि परत ठेवत. मागच्या खोलीतले तिघं जास्त झालेत, दोघांत भागेल, असं मॅनेजरनं बोलून दाखवलं होतं. आम्ही तिघं एकमेकांशी जरा जास्तच गोड वागायला लागलो होतो.

त्या जानेवारीत एका जुन्या, वयस्क गिऱ्हाइकाची मोहीम ठरली. जावयाला घेऊन डोंगरी बोकडाच्या शिकारीला जायचं होतं. हे एक काम हातातून जाऊ द्यायचं नाही, असं अरबाबनं बजावलेलं. सरांनी रायफल निवडली, दुर्बीण मी बसवली, आणि शंभर काडतुसं भरायला त्यांनी एक सकाळ घेतली. अकराच्या सुमारास मी काहीतरी न्यायला त्या खोलीत गेलो. सर फोनवर होते, मराठीत, दबक्या आवाजात. निखिल तेव्हा दुबईतच एका बांधकाम कंपनीत होता, त्याला त्याच सकाळी काढून टाकलं होतं. "सामान कुणाला विकू नकोस, थांब, मी बोलतो कुणाशी तरी..." असं काहीतरी ते म्हणत होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं मापाच्या नळकांड्यात दारू ओतत होते. आणि टेबलावर दोन डबे होते. दोन्ही उघडे.

मी पाहिलं. मनात आलं की म्हणावं, सर, दोन डबे. पण बाप आपल्या मुलाशी बोलत होता, आणि खरं सांगायचं तर त्यांची चूक त्यांना दाखवायची माझी टाप नव्हती. मी माझी वस्तू घेतली आणि बाहेर पडलो. युसूफभाई त्या वेळी हमरियाला होते, गोदामात. धुतलेल्या केसेस ते आदल्या दिवशीच ठेवून गेले होते. दुपारी परत आल्यावर भरलेली काडतुसं त्यांनी डब्यांत मांडली, एवढंच.

दोन दिवसांनी रेंजवर जावई रायफल घेऊन बसला. त्याला संरक्षक चष्मा नको होता. सरांनी हट्टानं लावायला लावला. म्हणाले, नाहीतर बंदूक देत नाही. पहिल्या सहा गोळ्या छान गेल्या. सातवीला आवाजच वेगळा आला, कोरडा, चिरका. खटक्याच्या बाजूनं धूर उसळला आणि तो माणूस गाल धरून मागे कोसळला. पितळेचा एक कपचा गालात घुसला होता, कातडी भाजली होती. चष्म्याच्या काचेला तडा गेला होता, आतला डोळा शाबूत होता. मी आणि युसूफभाईंनी त्याला उचलून गाडीत घातलं. युसूफभाई स्वतःच्या रुमालानं त्याचा गाल दाबून धरत सारखं म्हणत होते, "हबीबी, आँख ठीक है, आँख ठीक है." इस्पितळात बारा टाके पडले.

दुपारी चार वाजता सरांनी मला काडतुसांच्या खोलीत बोलावलं आणि आतून कडी लावली. उरलेली काडतुसं एकेक करून आम्ही फोडली. म्हणजे गोळी उपसून आतली दारू पांढऱ्या कागदावर ओतायची. ठरलेल्या डब्यातली दारू लांबट, शेवयांच्या तुकड्यांसारखी. मधल्या काही काडतुसांतून निघाली ती बारीक, गोल, मोहरीसारखी. ती दुसऱ्या डब्यातली, फार जलद पेटणारी. नळकांडं रिकामं झाल्यावर ते पुन्हा भरताना हात चुकला होता, बस. एवढंच झालं होतं. कागदावर दोन ढीग समोर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांनी कागदाची चारी टोकं जुळवली, पुडी केली, खिशात घातली आणि म्हणाले, "जा तू. मेधाताई वाट बघत असतील."

दुसऱ्या दिवशी अरबाबच्या ऑफिसात त्यांनी सांगितलं, की डबा युसूफनं चुकीचा काढून दिला. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याच्यावर विसंबलो ही माझी चूक. वाक्य कसं रचलंय बघा... कबुलीसुद्धा आहे त्यात. मी दारात उभा होतो. अरबाबनं माझ्याकडे पाहून विचारलं, "सही है?" मी मान हलवली. होय की नाही, ते मी आजही स्वतःला नीट सांगत नाही, पण अरबाबला होय दिसलं. तो म्हणाला, "खलास."

युसूफभाईंचा व्हिसा रद्द झाला. मागच्या खोलीत दोघं उरले, म्हणजे मॅनेजरचंही काम झालं. जायच्या चार दिवस आधी ते मला शोधत हमरियाच्या गोदामात आले. ओरडले नाहीत. तंबूंच्या खोक्यांवर बसले आणि म्हणाले, "गिरीशभाऊ, कपाटाची चावी माझ्याकडं कधी नव्हती. मी तर इथं गोदामात होतो. तुम्ही त्या सकाळी तिकडं होतात. एकदा अरबाबशी बोला. नोकरी नाय मिळाली तरी चालेल, पण बावीस वर्षांनी मी असं नाव घेऊन घरी नाय जाणार." मी म्हणालो, "इन्शाल्ला, बघू." ज्या माणसानं हा शब्द आयुष्यभर मनापासून उच्चारला, त्याला मी तो टाळायला वापरला. त्यांनाही ते कळलं. उठले, पँट झटकली आणि गेले. विमानतळावर सोडायला येतो म्हणालो होतो, तिथंही गेलो नाही. काम निघालं, असा मेसेज टाकला.

त्यानंतर मी सोहोनी सरांबरोबर चार वर्षं एकाच टेबलावर काम केलं. लोकांना वाटतं, दोषी माणूस तोंड चुकवतो. ते चुकवत नसत. उलट गोड झाले. मला "तू"चं "तुम्ही" झालं. चहा आधी माझ्यापुढे सरकवू लागले. आणि त्या चार वर्षांत त्यांनी माझ्या कामात एकही चूक काढली नाही. माझ्या कामात चुका होत्या! एकदा मी मुद्दाम एक स्क्रू सैल ठेवला. माझ्या पाठीमागे तो त्यांनी गुपचूप आवळला, पण मला एक अक्षर बोलले नाहीत. मला ते स्क्रू ओतणं हवं होतं, ती लाज हवी होती. त्यांनी मला त्यांच्या बरोबरीचं करून टाकलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा जेवढा द्वेष केला तेवढा दुसऱ्या कुणाचा केला नाही. काडतुसं भरणंही त्यांनी बंद केलं. कारखान्याचीच चांगली असतात, असं अरबाबला पटवलं आणि त्या खोलीला कुलूप घातलं. मला वाटलं, पुरावा बंद केला. त्यांना काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. आम्ही एकमेकांना वाळूच्या वादळाबद्दल, निखिलच्या पुण्यातल्या नोकरीबद्दल, सईच्या बोर्डाच्या परीक्षेबद्दल विचारत होतो.

ते निवृत्त होऊन पुण्याला गेले, त्या दिवशी निरोपाचं भाषण मीच केलं. मग मीही ते दुकान सोडलं. आता शारजात जमीन मोजायची यंत्रं विकतो. त्यात कुणाला लागत नाही.

म्हणून निखिलचा फोन आल्यावर ठरवलं, की लिहायचं तर हेच लिहायचं, एकदा त्या माणसाचं सोंग उतरवायचं. पण युसूफभाईंचं नाव त्यांना न विचारता छापणं बरं नव्हतं. फोन नंबर नव्हता. सुट्टीवर आलो तेव्हा पुण्यात निखिलच्या घरी जाऊन आलो, फोटोला हार होता, मी नमस्कार केला नाही. तिथून एसटीनं मुरूडला गेलो. बाजारात विचारल्यावर पहिल्याच माणसानं घर दाखवलं. सुपारीची लहानशी वाडी, चिऱ्याचं कुंपण, पुढे लोखंडी फाटक, आत ओटीवर युसूफभाई. दाढी पूर्ण पांढरी झालेली. बसल्या जागेवरून त्यांनी मला फाटकापासून ओटीपर्यंत येताना पाहिलं. उठले नाहीत. बस म्हणाले नाहीत. मी आपला पायरीवर बसलो.

"सोहोनी सर गेले," मी म्हणालो.

"कळलं. पोराचा फोन आला होता."

मला काही समजेना. निखिल यांना कसा ओळखतो? युसूफभाईंनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "तुम्हाला नाय सांगितलं वाटतं त्यांनी. आले होते इकडं. तिकडनं कायमचे परत आले, त्याच साली. पोरगा स्टँडवर थांबला होता, हे एकटेच चालत आले. फाटकाशी उभे राहिले. मी म्हटलं, आत यायचं नाय. तर तिथनंच बोलले, 'युसूफ, दारू मी ओतली होती.' मी म्हटलं, ठाऊक आहे, चावी तुमच्या खिशात होती. आणखी काय?"

"मग?"

"मग काय... माफी मागितली. मी नाय दिली. माझ्या अब्बांनी मरेपर्यंत मला विचारलं, दुबईत असं काय केलंस की बावीस वर्षांच्या माणसाला हाकललं? त्यांना सोहोनी कुठं समजावायला आला होता? म्हटलं, तुम्ही जा. तर म्हणे, गाडी साडेचारची आहे. म्हटलं, मग उभे राहा. उन्हात दोन तास उभा होता बामण. पाणी पण नाय दिलं मी. बायको रागावली माझ्यावर." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "पण आला होता. तुम्ही आज आलात. किती वर्षं झाली, गिरीशभाऊ?"

पाठ केलेलं सगळं, त्या माणसानं तुमचं आयुष्य नासवलं आणि मी आता जगासमोर ते मांडणार आहे वगैरे, तोंडातच राहिलं. शेवटी म्हणालो, "त्यांच्यावर लिहायला सांगितलंय. हे सगळं लिहायचंय. तुमची परवानगी विचारायला आलो."

"माझी परवानगी." ते हसले, चांगलं नव्हे. "तेव्हा कुणी विचारली होती? लिहा. खुशाल लिहा. पण त्यांचं लिहाल तेव्हा तुमचं पण लिहा. अरबाबनं तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही मान कशी हलवलीत ते लिहा. मी काचेच्या बाहेर उभा होतो, मला दिसत होतं."

मला आजवर वाटत होतं, की ते फक्त ऑफिसातल्या आम्हा तिघांना ठाऊक आहे.

"होय अशी हलवली होती," ते म्हणाले, "तुम्हाला आठवत नसेल तर."

तर तेही लिहिलं. होय अशीच हलवली होती. सोहोनी सरांना मी क्षमा केलेली नाही. तो माझा अधिकारही नाही, आणि ज्याचा आहे त्यानं केली नाही. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणावं म्हणतात, पण जो उन्हात दोन तास उभा राहिला त्याच्यापुढे जो कधी गेलाच नाही त्याला मी काय म्हणावं, एवढंच मला त्या दिवसापासून सुचत नाही.

मी उठलो. युसूफभाई पाठीमागून म्हणाले, "फाटक सांभाळून. ओढू नका, आपोआप लागतं." मी थांबलो. "पूर्वी जमिनीला घासायचं," ते म्हणाले. "दोन माणसांनी उचलायला लागायचं. त्या दिवशी उभ्या उभ्या सोहोनीनं खिशातनं पाना काढला नि त्याची बिजागरी सरळ करून गेला. मला विचारलं पण नाय. तो गेल्यावर मी रागानं पुन्हा वाकवायला गेलो. हातोडा घेऊन. नाय वाकली."

मी बाहेर पडलो. फाटक धाडकन आपटावं असं फार मनात होतं. हात लावायच्या आधीच ते माझ्यामागे लागलं, जराही आवाज न करता.